आवरावं किती, अडावं कुठं?

मैत्रिणींनो, आज एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायचं आहे. शब्द तसा साधाच, ‘होल्ड बॅक’. ‘होल्ड’ म्हणजे धरणं आणि ‘बॅक’ म्हणजे मागे, एवढं तर आता जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोरगंही सांगेल. मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली. पण इंग्रजीची गंमत अशी, की दोन ओळखीचे शब्द शेजारी बसले की तिसराच अर्थ तयार होतो. घरात दोन जावा एकत्र बसल्या की कसं वेगळंच काहीतरी शिजायला लागतं, तसंच हे!

आमच्या बचत गटातल्या बायकांच्या मुलींसाठी आम्ही काहीजणी मिळून रविवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. मी काही इंग्रजीची प्राध्यापिका नाही, कला शाखेची पदवी घेतलेली गृहिणी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचं इंग्रजी पोसलं, त्या घरातली. त्या वर्गात दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, “मावशी, ‘शी हेल्ड बॅक हर टिअर्स’ म्हंजे तिनं आसवं मागं धरून ठेवली, आसं लिव्हायचं का?” बाकीच्या मुली खो खो हसल्या. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शब्दाला शब्द लावला तर तिचं बरोबरच होतं. फक्त मराठीत आपण तसं बोलत नाही. आपण म्हणतो, “तिनं रडू आवरलं.”

मग त्या दिवशीचा सगळा तास या एका शब्दावरच गेला. फळ्यावर मी एकेक वाक्य लिहीत गेले आणि मुली मराठी सांगत गेल्या. पोलिसांनी गर्दीला ‘होल्ड बॅक’ केलं, म्हणजे रोखून धरलं. धरणानं पाणी ‘होल्ड बॅक’ केलं, म्हणजे अडवलं. त्यानं खरी गोष्ट ‘होल्ड बॅक’ केली, म्हणजे दडवून ठेवली. तिनं राग ‘होल्ड बॅक’ केला, म्हणजे गिळला. मालकानं मजुरी ‘होल्ड बॅक’ केली, म्हणजे अडकवून ठेवली. गुरुजींनी मुलाला एक वर्ष ‘होल्ड बॅक’ केलं, म्हणजे त्याच वर्गात ठेवलं. आणि स्टेजवर बोलायला उभी राहिली पण ‘हेल्ड बॅक’, म्हणजे ऐन वेळी कच खाल्ली.

थोडं व्याकरणही सांगून टाकते, घरात परीक्षेची मुलं असतील तर उपयोगी पडेल. या शब्दाचा भूतकाळ ‘हेल्ड बॅक’ असा होतो, ‘होल्डेड’ नाही. कर्म मधे घातलं तरी चालतं आणि शेवटी ठेवलं तरी चालतं. ‘होल्ड बॅक द क्राउड’ म्हणा किंवा ‘होल्ड द क्राउड बॅक’ म्हणा, दोन्ही बरोबर. पण नावाऐवजी सर्वनाम आलं, तर ते मधेच बसलं पाहिजे. ‘होल्ड देम बॅक’ बरोबर आणि ‘होल्ड बॅक देम’ चूक. याच्या बहिणी-बहिणीही बऱ्याच आहेत आणि मुलांचा गोंधळ तिथंच होतो. ‘होल्ड ऑन’ म्हणजे जरा थांबा, फोनवर म्हणतात ते. ‘होल्ड आउट’ म्हणजे तग धरणं. ‘होल्ड ऑफ’ म्हणजे लांबणं किंवा लांबवणं. पाऊस लांबला की इंग्रजीत तो ‘हेल्ड ऑफ’ असतो. आपल्या मराठवाड्याला हा शब्द वेगळा शिकवायची गरजच नाही, दर दोन-चार वर्षांनी मृगच तो शिकवून जातो.

आता खरी मजा बघा. इंग्रजीला एक शब्द पुरला, पण मराठीला किती लागले? आवरणं, अडवणं, रोखणं, थोपवणं, दडवणं, गिळणं, अडकवणं, मागे ठेवणं. आणि अजून संपलेलं नाही. ‘मनाला मुरड घालणं’ आहे. करंजीच्या कडेला जशी आपण मुरड घालतो, सारण बाहेर येऊ नये म्हणून, तशी मनाला. ‘हात आखडता घेणं’ आहे. ‘हातचं राखून ठेवणं’ आहे, आणि हे तर आपलं खास बायकांचं गणित! बेरजेत ‘हातचा एक’ धरतो तसा संसारातही आपण कायम हातचा एक धरतो. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवाच्या फोटोमागे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या किती घरांतून हा हातचा बाहेर आला आणि किती नवऱ्यांचे डोळे विस्फारले, ते आठवतंय ना? त्या बायकांनी काही चोरी केलेली नव्हती. आजारपणाला, लेकीच्या फीला, अडीनडीला म्हणून त्यांनी तो पैसा ‘होल्ड बॅक’ केला होता.

यात सगळ्यात आपला शब्द कोणता? ‘आवर’! सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत बाईच्या कानावर हाच शब्द पडतो. “आवरलं का गं?” “लवकर आवर.” “स्वैपाकघर आवर.” आणि मग, “रडणं आवर.” “तोंड आवर.” भांडी आवरायला जे क्रियापद, तेच आसवं आवरायला. पसारा आवरतो तसंच बाईनं स्वतःलाही आवरायचं, फडताळात ठेवून द्यायचं, असं आपल्या भाषेनंच जणू ठरवून टाकलंय. पुरुषाला “तुमचं आवरलं का?” असं विचारलं तर त्याचा अर्थ एवढाच, की अंघोळ झाली का, कपडे झाले का. त्याला “आवरा आता स्वतःला” असं म्हणायची वेळ फार क्वचित येते, आणि आली तरी म्हणायचं धाडस कोण करणार!

माझं म्हणणं आवरण्याच्या विरोधात आहे, असं मात्र समजू नका. आवरता येणं ही मोठी गोष्ट आहे. रागाच्या भरात सासरच्या माणसाला बोललेला एक शब्द वीस वर्षं पुरतो. मुलाचा निकाल कमी लागला त्याच दिवशी चार पाहुण्यांसमोर त्याला टोचून बोलणं जिला आवरता येतं, ती आई त्या मुलाचं केवढं भलं करते. मोबाइलवर आलेला कुणाच्या बदनामीचा मजकूर पुढे ढकलण्याआधी बोट आवरता येणं हा तर आजचा सगळ्यात गरजेचा संयम. बचत गटाच्या बैठकीत हिशेबावरून वाद झाला, की जी बाई आधी पाणी पिते आणि मग बोलते, तिचाच मुद्दा शेवटी मान्य होतो. हे सगळं ‘होल्ड बॅक’ चांगलंच आहे. कारण तिथे धरणारी मी आणि धरलेला रागही माझाच. आणि तो कधी सोडायचा, हेही माझ्याच हातात.

आपल्या जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण बघा. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. पाणी अडवणं हेच त्याचं काम. पण अडवलेलं पाणी ते नुसतं कोंडून ठेवत नाही. त्याला दरवाजे आहेत. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि सायरन वाजवून खालच्या गावांना आधी सांगतात. त्याच पाण्यावर वीज होते, खाली कालव्याला पाणी जातं, परभणी शहराची तहान भागते. अडवलेल्या पाण्याला कुठं जायचं, कधी जायचं, हे ठरलेलं असतं. म्हणून त्याला धरण म्हणायचं. दरवाजेच नसलेली भिंत कुणी नदीवर बांधत नाही, कारण ती एक दिवस फुटणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग बाईच्या मनावर मात्र आपण बिनदरवाजाच्या भिंती का बांधतो?

हीच गोष्ट मुलींना समजावी म्हणून त्या रविवारी मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, “व्हॉट इज होल्डिंग यू बॅक?” म्हणजे, तुला काय अडवतंय? तुला पुढं जायचंय, मग मागं कोण धरून ठेवतंय? प्रत्येकीनं एका ओळीत उत्तर लिहायचं. इंग्रजीत जमलं नाही तर मराठीत. एकीनं लिहिलं, ‘गणित’. एकीनं लिहिलं, ‘बस वेळेवर येत नाही’. एकीनं ‘भाऊ’, एकीनं ‘माझं इंग्रजी’, आणि दोघी-तिघींनी ‘लोक काय म्हणतील’. एका मुलीचा कागद मात्र कोराच आला. वर्ग सुटल्यावर सगळ्या गेल्या तरी ती चप्पल शोधत रेंगाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “मावशी, दिवाळी झाल्यावर मला बघायला पाव्हणे येनारेत. तारीख बी धरनारेत म्हनं.” वय वर्षं सोळा.

मैत्रिणींनो, शाळेत मुलाला ‘होल्ड बॅक’ करण्यावरून देशात केवढी चर्चा झाली! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, असं ठरवलं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन, पुन्हा संधी देऊन, तरीही नापास झाला तर मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं ती २०२३-२४ पासून लागू केली. मागे ठेवावं की ठेवू नये, यावर शिक्षणतज्ज्ञ बोलले, पालक बोलले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण जी मुलगी परीक्षेत पास होऊनही मांडवात मागे धरली जाते, तिची गुणपत्रिका कोण बघतं? तिचं वर्ष वाया जात नाही, आयुष्याची वर्षंच्या वर्षं जातात.

आणि ही काही एखाद्या घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा आपल्या परभणीकरांनी पाठच करून ठेवावा असा आहे. वीस ते चोवीस वर्षं वयाच्या बायकांना विचारलं, की तुमचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं का? परभणी जिल्ह्यात १०० पैकी ४८ जणींनी ‘हो’ सांगितलं. पूर्ण महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा २२ च्या आसपास आहे. शेजारच्या बीडमध्ये जवळपास ४४. म्हणजे या बाबतीत आपला जिल्हा राज्यात सगळ्यात वर आहे. एरवी कशात पहिला नंबर आला की आपण फ्लेक्स लावतो. या नंबराचा फ्लेक्स कुठल्या चौकात लावायचा?

त्या मुलीच्या घरी आम्ही दोघी-तिघी गेलो. आई पीठ मळत होती. तिनं चहा टाकला आणि ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “ताई, तुमचं समदं खरं हाय. पन दिवाळी झाली की आमी दोघं कारखान्यावर जाताव. पाच-सहा महिने पोरीला कुनाच्या भरवशावर ठिवू? संगं न्यावं तर उघड्यावर कोपी. हितं ठिवावं तर रात्री झोप येत न्हाई. उद्या काई झालं तर तुमी येताल का?” या प्रश्नावर आम्हाला पटकन बोलता आलं नाही. कारण तिची भीती खोटी नव्हती. गंगाखेड, पाथरी, सोनपेठ या भागातून किती तरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. लग्न झालं की नवी जोडी, नवा कोयता, नवी उचल. गरिबी, काळजी आणि रीत, तिन्ही एकाच दोरीला लागून त्या पोरीला मागे ओढत असतात. तिला मागे धरणारा हात आईचाच असतो, पण तो हातही कुणीतरी पिरगाळलेला असतो.

म्हणून त्या दिवशी आम्ही कायद्याच्या धमकीनं सुरुवात केली नाही. आधी पोरीला सहा महिने ठेवायचं कुठे, या प्रश्नाला हात घातला. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली आहे, हे त्या माउलीला माहीतच नव्हतं. गावोगावच्या शाळांमध्ये हंगामी वसतिगृहंही होतात. गावातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट मिळतो. शेवटी तालुक्याच्या गावी राहणारी मुलीची आत्या तिला ठेवून घ्यायला तयार झाली. मग आम्ही वडिलांना कायदा सांगितला, तोही समजुतीनं. पाहुण्यांना निरोप गेला, की मुलगी अठराची झाल्यावर बघू. म्हणजे लग्न मोडलं नाही, फक्त लांबलं. इंग्रजीत सांगायचं तर ‘होल्ड ऑफ’ झालं आणि पोरीचं ‘होल्ड बॅक’ होणं टळलं. दोन शब्दांतला फरक किती मोठा असतो, ते त्या घरात कळलं. दोन वर्षांत ती बारावी होईल. पुढचं पुढे. दोन वर्षं ही त्या वयात फार मोठी मिळकत असते.

कायदाही नीट माहीत असू द्या. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगतो, की मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असल्याशिवाय लग्न लावणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणि शिक्षा फक्त आईबापालाच होते असं नाही. लग्न लावणारा भटजी किंवा काजी, मुलीपेक्षा मोठा अठरा वर्षांवरचा नवरदेव, जुळवणारे आणि लग्न होऊ देणारे, सगळेच कायद्याच्या कचाट्यात येतात. आपल्या राज्यात गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडीताई त्याला मदत करते. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत. लहानपणी लग्न झालेल्या मुलीला वयाची वीस वर्षं पुरी होईपर्यंत कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घेता येतं, हे तर शंभरातल्या नव्वद जणींना माहीत नसतं. लग्न झालं म्हणजे दार कायमचं बंद झालं, असं नाही.

लग्नाच्या वयाचा हा कायदा काही कालचा नाही. शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १९३० पासून अंमलात आला, तेव्हा मुलीचं वय १४ ठरलं होतं. पण तो होता ब्रिटिश हिंदुस्थानापुरता आणि परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. १९७८ च्या दुरुस्तीनं वय १८ झालं. म्हणजे कायद्याला पुढे सरकायला पन्नास वर्षं लागली. आपल्याला कायद्यापर्यंत पोचायला अजून किती लागणार?

या सगळ्याच्याही आधी एका मराठी मुलीनं “मी जाणार नाही” असं भर कोर्टात सांगितलं होतं. तिचं नाव रखमाबाई. मुंबईत राहणारी. अकराव्या वर्षी तिचं दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं होतं, पण ती सासरी नांदायला गेली नाही. माहेरी राहून शिकली. १८८४ मध्ये नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईच्या बाजूनं लागला, अपील झालं आणि १८८७ मध्ये कोर्टानं हुकूम केला, की नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईनं सांगितलं, तुरुंगात जाईन! त्या काळी हे बोलायला केवढी छाती लागली असेल! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परत आली आणि पुढे अनेक वर्षं सुरतेत तिनं बायकांवर उपचार केले. तिचा खटला गाजला, त्यावरून विलायतेपर्यंत वाद झाला आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. एक मुलगी मागे हटली नाही, म्हणून मागून येणाऱ्या लाखो मुलींचं पाऊल पुढे पडलं.

त्याच दशकात, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. लहानसंच पुस्तक, पण काय हातचं राखलंय त्यात? काहीच नाही! जे दोष बायकांच्या माथी मारता तेच पुरुषांत नाहीत का, असा सरळ सवाल. टीका झाली तेव्हा महात्मा फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. असं लिहिणारी बाई गप्प झाली, की भाषेचंच नुकसान होतं.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच गंगाखेडची जनाबाई आठवा. गोदाकाठी जन्मलेली पोर, लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, शेण-गोवऱ्या. ‘आवर गं’ हा शब्द तिच्या कानावर किती वेळा पडला असेल! पण जात्यावर बसल्या बसल्या तिनं मन मोकळं केलं. विठ्ठलाशी ती भांडली, त्याला लाडानं बोलली, रागानंही बोलली. काम तिनं सगळं आवरलं, पण स्वतःला नाही आवरलं. म्हणून तर सात शतकांनंतरही तिचे शब्द आपल्या आयाबायांच्या तोंडी आहेत. दासी म्हणवून घेणारी ही बाई मनानं किती मोकळी होती बघा. आपल्या जिल्ह्याची खरी ओळख कोणती असावी, शेकडा ४८ चा तो आकडा की जनाबाई, हे शेवटी आपणच ठरवायचं आहे.

मग रोजच्या जगण्यात हा शब्द वापरायचा कसा? माझ्या कामातून मला जे सुचलं ते सांगते. गप्प बसायची वेळ आली की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. पहिला, मी स्वतःहून थांबलेय, की मला कुणी थांबवलंय? दुसरा, मी थांबले तर भलं कुणाचं होणार आहे, माझं, माझ्या माणसांचं, की फक्त दुसऱ्याच्या सोयीचं? आणि तिसरा, हे बोलायची वेळ पुढे कधी येणार आहे का? तिन्ही उत्तरं ठीक असतील तर खुशाल आवरा. त्याला संयम म्हणतात आणि तो अंगी असलाच पाहिजे. पण उत्तर येताना छाती भरून येत असेल, घसा दाटत असेल, तर तो संयम नाही, अडवणूक आहे. अंगावर हात उचलला गेला आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्याला सोशिकपणा म्हणून कौतुक करणाऱ्यांपासून सावध राहा. गाठ हाताला लागली आणि ‘घरात लग्नकार्य आहे’ म्हणून डॉक्टरकडे जायचं ठेवून दिलंत, तर तो त्याग नाही. शेतात नाव लावून घ्यायचं तलाठ्याकडे राहूनच गेलं, नवऱ्याच्या पश्चात दीर ‘बघू’ म्हणाले आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात, तर ते शहाणपण नाही.

आणि दुसरी बाजूही तपासायची. मी कुणाला मागे धरून ठेवलंय का? सुनेला नोकरीची परीक्षा द्यायची आहे आणि ‘सणवार झाल्यावर बघ’ असं मी म्हणते का? पोरीला मुलापेक्षा आधी ताटं उचलायला उठवते का? तिच्या हसण्याला, सायकलला, मैत्रिणीकडे जाण्याला ‘लोक काय म्हणतील’चा दोर मीच बांधते का? आपल्याला ज्यांनी धरून ठेवलं त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. आपल्या मुठीत कुणाचा पदर अडकलाय, हे बघायला मात्र मूठ उघडावी लागते.

इंग्रजीत एक छोटंसं वाक्य आहे, ‘डोन्ट होल्ड बॅक’. कुणी मनातलं सांगताना अडखळलं की समोरचा असं म्हणतो. तर्खडकरी मराठीत त्याचं भाषांतर होईल, ‘संकोच करू नकोस’. पण आपल्याकडे याहून फार गोड शब्द आहेत. शेजारीण ओट्यावर येऊन बसते, नुसतीच पदराशी चाळा करत राहते, तेव्हा आपली जुनी माणसं तिच्या हातात चहाची बशी देऊन म्हणायची, “बोल की गं माय.” या आठवड्यात निदान एका मुलीला, एका सुनेला, एका शेजारणीला एवढं म्हणून बघा. आणि म्हटल्यावर घाईनं उठू नका, घरातलं आवरायचं राहिलं तर राहू द्या. ती बोलेपर्यंत बसून राहा.